फिल्म थांबत नाही : ‘नॉर्मन’ हा नृत्यप्रयोग संशोधकाच्या नजरेने

कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहा. कितीतरी शीर्षकं एकाच साच्यातली दिसतात : ‘अमुक यांचे योगदान : एक अभ्यास’. यात गैर काहीच नाही. आवडत्या माणसावरच चार-पाच वर्षं घालवावीशी वाटतात. अडचण येते ती व्हायवाला. परीक्षक विचारतात, “ते मोठे होते हे मान्य. पण तुमचं म्हणणं काय?” आणि उमेदवार पुन्हा मोठेपणच सांगायला लागतो, फक्त जरा जास्त उदाहरणं देऊन.

गौरव आणि चिकित्सा यांतला हा फरक समजून घ्यायला आज एक प्रयोग बघू. त्याचं नाव ‘नॉर्मन’. कॅनडातल्या माँट्रियालच्या ‘लेम्यू पिलों फोरडी आर्ट’ या संस्थेने २००७ साली तो रंगमंचावर आणला. अ‍ॅनिमेशनमधले आद्य प्रयोगकर्ते नॉर्मन मॅकलॅरन यांना वाहिलेली ही आदरांजली. नृत्य, फिल्म, मुलाखती, प्रकाश सगळं एकत्र. या प्रयोगाचं कौतुक करणं सोपं आहे. मला त्यातला एक ताण दाखवायचा आहे. तो ताण पकडला की ‘एक अभ्यास’वाल्या शीर्षकाचं काय करायचं हेही बऱ्यापैकी कळतं.

आधी मॅकलॅरन कोण ते बघू

जन्म १९१४, स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग. शिक्षण ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये. लंडनच्या जीपीओ फिल्म युनिटमध्ये जॉन ग्रिअरसन यांच्या हाताखाली काम, मग न्यूयॉर्क, आणि १९४१ पासून कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड. ही सरकारी संस्था. पुढचं जवळजवळ सगळं काम त्यांनी तिथेच केलं. १९८७ साली ते वारले.

त्यांचं वेगळेपण एका वाक्यात सांगायचं तर, त्यांनी कित्येकदा कॅमेराच बाजूला ठेवला. ‘डॉट्स’ (१९४०) या फिल्ममध्ये त्यांनी थेट फिल्मच्या पट्टीवर शाईने ठिपके काढले. आवाजसुद्धा पट्टीच्या कडेला, ध्वनीच्या जागेवर, हाताने रेखाटला. ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) मध्ये एव्हलिन लॅम्बार्ट यांच्यासोबत पट्टीवर रंग ओतले, ओरखडे काढले आणि ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर ते नाचवले. ‘नेबर्स’ (१९५२) मध्ये तर जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखं एकेक फ्रेम करून हलवलं. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. एका फुलावरून दोन शेजारी एकमेकांचा जीव घेतात अशी ती गोष्ट. तिला ऑस्कर मिळालं, तेही माहितीपटाच्या विभागात!

पण मॅकलॅरन यांचा खरा विचार आपल्याला इथे हवा आहे. अ‍ॅनिमेशन म्हणजे हलणारी चित्रं, असं आपण समजतो. ते उलटं म्हणायचे : चित्र महत्त्वाचं नाही, चित्र काढताना आपण हालचाल काढत असतो. एका फ्रेममध्ये काय आहे त्यापेक्षा दोन फ्रेमांच्या मध्ये काय घडतं ते महत्त्वाचं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १,४४०. प्रत्येक दोन फ्रेमांमध्ये एक छोटा निर्णय : ठिपका किती सरकवायचा, कधी थांबवायचा. म्हणजे त्यांचा कच्चा माल शाई किंवा रंग नव्हता, वेळ होता. ‘वेळ’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे.

प्रयोगात काय आहे?

मिशेल लेम्यू आणि व्हिक्टर पिलों हे दिग्दर्शक. त्यांच्याबरोबर नर्तक पीटर ट्रॉस्टमर आणि नृत्यरचनाकार थिया पॅटरसन. रंगमंचावर माणूस एकच, ट्रॉस्टमर. तो मॅकलॅरनचा शोध घेणारा माणूस म्हणून येतो. फिल्म बोर्डाच्या संग्रहात शिरतो, फिल्म बघतो, मॅकलॅरनना ओळखणाऱ्या माणसांचं ऐकतो. ही माणसं प्रत्यक्षात रंगमंचावर नसतात. त्यांच्या मुद्रित प्रतिमा हवेत उभ्या राहिल्यासारख्या दिसतात आणि बोलतात. मॅकलॅरनच्या फिल्मही साध्या पडद्यावर न दिसता नर्तकाच्या आजूबाजूला, पुढे-मागे तरंगतात.

ही किमया कशी होते? तिची जातकुळी जुनी आहे. १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवलं होतं. तिरकी लावलेली काच, लपवलेला नट, त्याच्यावर प्रखर प्रकाश. प्रेक्षकाला काचेतून पलीकडचा रंगमंचही दिसतो आणि काचेतलं प्रतिबिंबही. पारदर्शक पृष्ठभागावर प्रतिमा टाकून तिला जिवंत माणसाच्या शेजारी उभं करायचं, हे तत्त्व तेव्हापासून आजपर्यंत तेच आहे. प्रोजेक्टर तेवढे बदलले.

इथे पद्धतीबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे बसून अशा प्रयोगाचा अभ्यास करायचा तर रेकॉर्डिंगवरच भागवावं लागतं. मग रेकॉर्डिंगवरून कुठलं विधान करता येतं? प्रतिमा हवेत किती खोलवर तरंगते, प्रेक्षकाला ती कशी भासते, यावर बोलता येत नाही. कॅमेरा सगळं सपाट करतो, नर्तक आणि प्रतिमा एकाच पातळीवर येतात. पण कोण आधी हलतं, कोण कोणाची वाट बघतं, कोण कोणाच्या तालावर चालतं, हे रेकॉर्डिंगमध्ये शाबूत राहतं. म्हणून या लेखात मी खोलीबद्दल बोलणार नाही, वेळेबद्दल बोलणार आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असं एक वाक्य असू द्या : हे साधन मला अमुक सांगू शकतं, तमुक नाही.

कोण कोणासाठी थांबतं?

आता मुद्द्यावर येते. मॅकलॅरनची फिल्म तिला हात न लावता दाखवायची असेल, तर तिचा वेग कायम असतो. तंत्रज्ञ क्लिप कधी सुरू करायची हे ठरवेल. पण एकदा ती सुरू झाली की रेषा तिच्या ठरलेल्या क्षणीच वळणार. नर्तकाला त्या दिवशी दम लागलाय, पाय घसरलाय, प्रेक्षक हसले म्हणून जरा थांबावंसं वाटतंय, याचं रेषेला काही देणंघेणं नाही.

तबल्याची साथ आणि ट्रॅकवर गाणं यांतला फरक आठवा. गायक एखाद्या जागेवर रेंगाळला तर तबलजी त्याला सांभाळून घेतो. ट्रॅक सांभाळून घेत नाही. ट्रॅकवर गाणाऱ्याचं कौशल्य वेगळं असतं : स्वतःला इतकं अचूक करायचं की ट्रॅकच आपल्यामागे येतोय असा भास व्हावा. ‘नॉर्मन’मध्ये ट्रॉस्टमर नेमकं हे करतो. तो हात उचलतो, रेषा उठते. वाटतं की त्यानेच ती उठवली. प्रत्यक्षात रेषा पन्नासेक वर्षांपूर्वी उठलेली आहे आणि तो तिच्या वेळेला हजर आहे.

मुलाखतींचंही तेच. समोरची प्रतिमा उत्तर देते, पण उत्तर आधीच मुद्रित आहे. नर्तकाला बरोबर तेवढीच जागा सोडावी लागते. दिसायला हा संवाद आहे, पण यात उलट प्रश्न विचारता येत नाही. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकत नाही त्याची साक्ष आपण कशी वापरतो? तुमच्या प्रबंधात मुलाखती असतील तर हा प्रश्न तुम्हालाही लागू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : हा प्रयोग वरवर सांगतो की एक जिवंत नर्तक मॅकलॅरनच्या फिल्मना पुन्हा जिवंत करतोय. रंगमंचावर घडतं ते याच्या उलट. फिल्म आपल्या वेळेने चालतात आणि जिवंत शरीर त्यांच्या वेळेत बसवलं जातं. आदरांजली वाहणारा जितका अचूक, तितका तो ज्याला आदरांजली वाहतोय त्याच्या ताब्यात.

पण मग मॅकलॅरन तरी वेगळं काय करत होते?

चांगल्या समीक्षेत स्वतःच्या मुद्द्याला विरोधी पुरावा स्वतःच आणावा लागतो. तो इथे मॅकलॅरनच्या एका गाजलेल्या फिल्ममध्ये आहे. ‘पा द दू’, १९६८. मार्गारेट मर्सिए आणि व्हिन्सेंट वॉरन हे दोन बॅले नर्तक, नृत्यरचना लुडमिला चिरिएफ यांची. काळी पार्श्वभूमी, मागून आणि बाजूने प्रकाश, त्यामुळे शरीरांच्या फक्त चमकत्या कडा दिसतात. मग ऑप्टिकल प्रिंटरवर तीच दृश्यं थोड्या-थोड्या फ्रेमांच्या अंतराने पुन्हा पुन्हा छापली, काही ठिकाणी अकरा वेळांपर्यंत. परिणाम असा की नर्तकी हात फिरवते आणि तिच्या हाताचा सगळा प्रवास पंख्यासारखा उलगडतो. आधीचे क्षण मागे रेंगाळतात, मग एकेक येऊन तिच्यात विरून जातात.

इथे नर्तक आधी नाचले, त्यांचा वेळ नंतर फिल्मकाराने बदलला. शूटिंग संपल्यावर त्यावर नर्तकांचा ताबा उरला नाही. म्हणजे जिवंत शरीर आणि ठरलेली फिल्म यांच्यातलं हे असमान नातं मॅकलॅरनच्या कामातही होतं, फक्त उलट दिशेने. ‘पा द दू’मध्ये फिल्म नर्तकाच्या वेळेशी खेळते. ‘नॉर्मन’मध्ये नर्तक फिल्मच्या वेळेपुढे वाकतो. या अर्थाने हा प्रयोग ‘पा द दू’ला चाळीसेक वर्षांनी दिलेलं उत्तर आहे, आणि मला तो तिथे सगळ्यांत रंजक वाटतो. दिग्दर्शकांच्या मनात हे होतं की नाही हा प्रश्न वेगळा. प्रयोगात ते दिसतं, एवढं आपल्याला पुरे.

विरोधी पुराव्याने मुद्दा मोडला नाही, पण बदलला. आधी मी म्हणत होते, शरीर फिल्मच्या ताब्यात जातं. आता म्हणावं लागेल : मॅकलॅरनच्या कलेतच शरीर आणि फिल्म यांच्यात ताब्याची ओढाताण होती, आणि हा प्रयोग ती ओढाताण रंगमंचावर आणतो. दुसरं विधान पहिल्यापेक्षा बरं आहे, कारण त्यात पुराव्याने काहीतरी भर घातली. व्हायवात जे टिकतं ते असं.

खुर्चीची गोष्ट

समान नात्याचं उदाहरण मॅकलॅरनकडे आहे का? आहे, आणि त्यात आपला संबंधही आहे. युनेस्कोच्या दृक्-श्राव्य शिक्षणाच्या कामासाठी मॅकलॅरन १९५२-५३ मध्ये भारतात येऊन शिकवून गेले. त्यानंतर काही वर्षांनी, १९५७ मध्ये, त्यांनी क्लोद जुत्रा यांच्याबरोबर ‘अ चेअरी टेल’ केली. तिचं संगीत पं. रविशंकर यांचं, तबल्यावर चतुरलाल.

गोष्ट अगदी साधी. एक माणूस पुस्तक वाचायला खुर्चीवर बसू बघतो. खुर्ची बसू देत नाही. सरकते, पळते, पाडते. माणूस चिडतो, जबरदस्ती करतो, लाडीगोडी लावतो. काही उपयोग नाही. शेवटी त्याला उमजतं की खुर्चीलाही काहीतरी हवंय. मग तो तिला स्वतःवर बसू देतो. त्यानंतर कुठे ती त्याला बसू देते.

ही छोटी फिल्म मला आदरांजली या प्रकाराचीच गोष्ट वाटते. आपण ज्याच्यावर काम करतो तो विषय खुर्चीसारखा असतो. त्याच्यावर बसून आपल्याला आपलं पुस्तक वाचायचं असतं. विषय मात्र मध्येच सरकतो : तारीख जुळत नाही, पुरावा भलतंच सांगतो, आवडता लेखक न आवडणारं काहीतरी लिहून गेलेला असतो. तिथे जबरदस्ती केली की गौरवग्रंथ तयार होतो. त्याला आपल्यावर बसू दिलं, म्हणजे आपला मूळ प्रश्न बदलू दिला, की अभ्यास सुरू होतो.

या कसोटीवर ‘नॉर्मन’ अर्धा उतरतो. ठिपके, रेषा, ओरखडे यांच्यात नर्तक शिरतो तेव्हा प्रयोग जिंकतो. त्या अमूर्त आकारांना वजन नसतं. शरीर ते वजन देतं, आणि आकार शरीराला असा वेग देतात जो माणसाचा एरवी नसतो. दोघंही बदलतात. पण जिथे मॅकलॅरनच्या चौकटीत आधीच माणूस आहे, तिथे तंत्र तितकंच चोख असूनही नात्याला जागा उरत नाही. फिल्ममधला देह स्वतःत पुरा आहे. शेजारचा जिवंत देह मग पाहुण्यासारखा वाटायला लागतो.

नावात काय आहे?

आता दुसरा आक्षेप. प्रयोगाचं नाव ‘नॉर्मन’. आडनावही नाही, फक्त हाकेचं नाव. रंगमंचावर माणूस एकच. म्हणजे रूपानेच सांगून टाकलं की ही एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला घातलेली साद आहे. आत कितीही जणांच्या मुलाखती असल्या तरी प्रेक्षक घरी जाताना जे चित्र घेऊन जातो ते एकट्या प्रतिभावंताचं.

पण काम बघा. ‘बिगॉन डल केअर’, ‘लाइन्स व्हर्टिकल’ (१९६०), ‘लाइन्स हॉरिझॉन्टल’ (१९६२), या तिन्ही फिल्म मॅकलॅरन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांच्या जोडीच्या. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फिल्मचं नातं तर फार गमतीचं. उभ्या रेषांची फिल्म आधी थेट पट्टीवर कोरली, मग तिची प्रत्येक फ्रेम ९० अंशांत फिरवून आडव्या रेषांची फिल्म केली. हालचाल तीच, पण अनुभव पूर्ण वेगळा : उभ्या रेषा आपल्याला खांबांसारख्या वाटतात, आडव्या रेषा क्षितिजासारख्या. हा शोध दोघांचा आहे. ‘अ चेअरी टेल’मधली हट्टी खुर्ची नाचवणारे हातही लॅम्बार्ट यांचेच.

एकट्याच्या नृत्यातून दोघांचं काम कसं दाखवायचं? हा प्रश्न मला प्रयोगाच्या रूपाला विचारायचा आहे. ज्या कलावंताच्या गाजलेल्या फिल्मचं नावच ‘दोघांचं नृत्य’ असं आहे, त्याच्या आदरांजलीत जिवंत माणूस एकटाच असावा हे मला खटकतं. प्रबंधांच्या बाबतीतही तेच. ‘अमुक यांचे योगदान’ म्हटलं की मदतनीस, सहकारी, संपादक, प्रयोगशाळेतले हात आपोआप ऋणनिर्देशात ढकलले जातात.

संग्रह नसेल तर?

शेवटचा मुद्दा आपल्या अंगणातला. ‘नॉर्मन’ शक्य झाला कारण एका सरकारी संस्थेने फिल्म जपून ठेवल्या. नर्तकाला शिरायला संग्रह होता.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या एकेक फ्रेम सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती ‘डॉट्स’च्या कितीतरी आधी. आज ती बघायला मिळत नाही. उद्या एखाद्या नर्तकाने फाळक्यांच्या अ‍ॅनिमेशनला आदरांजली वाहायची ठरवली तर तो नाचणार कशाबरोबर? ‘नॉर्मन’मधला नर्तक फिल्मच्या ताब्यात जातो असं मी वर म्हटलं. पण ताब्यात घ्यायला फिल्म असावी लागते. ती नसली की उरतात आठवणी आणि विशेषणं, आणि विशेषणांना कुठलाच ठरलेला वेग नसतो. ती आपल्याला हवी तशी वाकतात. फिल्म थांबत नाही ही अडचण खरी, पण तीच आपल्याला प्रामाणिकही ठेवते. पुराव्याचा हा हट्टीपणा गमावलेल्यांनीच त्याची किंमत जास्त ओळखायला हवी.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

समजा तुम्हाला याच विषयावर काम करायचंय. ‘नॉर्मन मॅकलॅरन यांचे अ‍ॅनिमेशनमधील योगदान : एक अभ्यास’ हे शीर्षक बाजूला ठेवा आणि यांपैकी एक प्रश्न घ्या :

१. पूर्वमुद्रित अ‍ॅनिमेशन आणि जिवंत नर्तक एकत्र येतात तेव्हा वेळेवर ताबा कोणाचा असतो, आणि हे प्रयोगातल्या कुठल्या क्षणांवरून ठरवता येतं?

२. मॅकलॅरन-लॅम्बार्ट यांच्या जोडीच्या फिल्मचं श्रेय आदरांजलीपर कलाकृतींमध्ये कसं वाटलं जातं?

३. मूळ फिल्म हाती नसताना फाळक्यांच्या अ‍ॅनिमेशनबद्दल कोणती विधानं जबाबदारीने करता येतात, आणि कोणती नाही?

तिन्ही प्रश्नांत एक समान गोष्ट बघा. उत्तर काय येईल हे आधी माहीत नाही. ‘योगदान’वाल्या शीर्षकात उत्तर आधीच ठरलेलं असतं, फक्त पानं भरायची बाकी असतात. प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा : याचं उत्तर माझ्या आवडत्या माणसाच्या विरोधात जाऊ शकतं का? जाऊ शकत असेल तर कामाला लागा. नसेल तर गाईडकडे जाण्याआधी अजून एकदा खोडून लिहा.